मोबाइलवरचा वर्ग: विद्यापीठाने एलएमएस घेण्याआधी काय ठरवावे?

पायवाट (धागाकर्ता)

आमच्या विद्यापीठाने येत्या शैक्षणिक वर्षापासून सर्व पदव्युत्तर विभागांत आणि पुढे टप्प्याटप्प्याने संलग्न महाविद्यालयांत एलएमएस (अभ्याससाहित्य, गृहपाठ आणि चाचण्या एकाच ठिकाणी चालवणारी ऑनलाइन अध्ययन-व्यवस्थापन प्रणाली) सक्तीने वापरायचे ठरवले असून, त्यासाठी नेमलेल्या समितीत सामाजिक शास्त्रांच्या वतीने मला घेण्यात आले आहे. आतापर्यंतच्या बैठकांतली चर्चा जवळजवळ सगळी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे या एकाच प्रश्नाभोवती फिरली. मूडल हे मुक्तस्रोत एलएमएस स्वतःच्या सर्व्हरवर बसवावे, गूगल क्लासरूमवरच भागवावे, की एखाद्या कंपनीकडून सगळे तयार विकत घ्यावे, यावर सादरीकरणे झाली, दरपत्रके आली, आणि एका प्रतिनिधीने तर विद्यार्थ्याचे लक्ष आहे की नाही हे आपल्या अ‍ॅपला कॅमेऱ्यावरून कळते असेही छातीठोकपणे सांगितले. विद्यार्थी हे अ‍ॅप कशावर आणि कुठे बसून उघडणार, हा विषय मात्र अजून कार्यसूचीवर आलेला नाही.

आमचे बरेच विद्यार्थी डोंगराळ आणि आदिवासीबहुल तालुक्यांतून येतात. फोन बहुतेकांकडे आहे, तोही अनेकदा भावंडांत वाटून घेतलेला. लॅपटॉप फार थोड्यांकडे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातील १०.७ टक्के कुटुंबांकडे संगणक आणि २३.८ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात हेच प्रमाण ४.४ आणि १४.९ टक्के होते. त्यानंतर फोन आणि स्वस्त डेटा गावोगावी पोहोचला हे खरे आहे, पण संगणकाच्या बाबतीत आमच्या वर्गातले चित्र बदललेले मला तरी दिसत नाही.

करोनाच्या काळात आपण सर्वांनी हे सगळे केलेले आहे. गूगल मीटवर तास घेतले, क्लासरूमवर नोट्स चढवल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २८ ऑगस्ट २०२० च्या निकालानंतर अंतिम वर्षाच्या परीक्षा घेणे भाग पडले तेव्हा त्याही बहुपर्यायी प्रश्नांवर, बऱ्याच ठिकाणी फोनवरच, उरकल्या. महाविद्यालये पुन्हा भरू लागली तसे हे सगळे ज्या वेगाने आले होते त्याहून अधिक वेगाने गुंडाळले गेले. साधने होती, सवयही झाली होती, तरी ते टिकले नाही. म्हणून अनुभवी मंडळींना माझा प्रश्न असा आहे की, सॉफ्टवेअरची निवड बाजूला ठेवली, तर विद्यापीठाने आधी नेमके कोणते निर्णय घ्यायला हवेत, म्हणजे दोन वर्षांनी हा प्रकल्प नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलमधल्या स्क्रीनशॉटपुरता उरणार नाही?

सर्व्हररूम

सर, मी एका विद्यापीठाचे मूडल काही वर्षे सांभाळतो आहे, म्हणून आधी माझ्या खोलीतले सांगतो. आपण सॉफ्टवेअर बाजूला ठेवायला सांगितले आहे, पण कोणी काय घ्यावे याचा निर्णय बहुतेक वेळा ते फुकट आहे की नाही यावर होतो, आणि फुकट या गोष्टीचा हिशेब नीट मांडलाच जात नाही. गूगलने शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण दिली होती. २०२१ मध्ये ती बंद करण्याची घोषणा झाली आणि २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइट अशी मर्यादा आली. ज्यांनी दोन वर्षांच्या सगळ्या तासांची ध्वनिचित्रमुद्रणे तिथे साठवली होती, त्यांना ती पुसत बसावे लागले. मूडलला परवान्याचे पैसे लागत नाहीत, पण ते चालवणारा माणूस लागतो, आणि तो कंत्राटी असेल तर त्याचे कंत्राट परीक्षेच्या महिन्यात संपणार नाही एवढे तरी पाहावे लागते.

आता प्रत्यक्षात अडचण कुठे येते ते पाहा. एका विभागाने गृहपाठ मूडलवर मागवला. विद्यार्थ्यांनी वहीची पाने फोनने टिपली आणि चढवायला घेतली, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांची फाइल चढेना. विभागाने विद्यार्थ्यांना दोष दिला, विद्यार्थ्यांनी नेटवर्कला दिला. कारण अगदी साधे होते. पीएचपी, म्हणजे मूडल ज्या संगणकभाषेवर चालते ती, ज्या स्थितीत बसवले जाते त्या स्थितीत एका फाइलची मर्यादा २ एमबी असते, आणि आजच्या फोनचा एकच फोटो ३ ते ५ एमबीचा असतो. मर्यादा बदलायला दोन मिनिटे लागली, पण तोपर्यंत मुले पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर गेली होती आणि सरांनीही तिथेच गृहपाठ स्वीकारायला सुरुवात केली होती. एकदा मोडलेला विश्वास परत यायला पूर्ण सत्र गेले.

चाचणीचेही तसेच आहे. दोन हजार मुलांनी सकाळी ठीक अकरा वाजता एकच चाचणी उघडली की सर्व्हरवरचा सर्वांत मोठा ताण त्या पहिल्या मिनिटातच येतो. तीच चाचणी दिवसभर उघडी ठेवून प्रत्येकाला सुरू केल्यापासून चाळीस मिनिटे दिली, तर त्याच यंत्रावर सगळे सुरळीत पार पडते. मूडल उत्तरे साधारण दर मिनिटाला आपोआप साठवते, त्यामुळे मध्येच वीज किंवा रेंज गेली तरी विद्यार्थ्याचे सगळे काम वाया जात नाही. पण हे त्याला आधी कोणीतरी सांगायला हवे, नाहीतर तो घाबरून फोन बंद करतो आणि पुन्हा सुरू करत बसतो.

एक सूचना अगदी ठामपणे करतो. सक्तीच्या कोणत्याही कामासाठी अट अशी ठेवा की ते अ‍ॅपमध्ये उतरवून घेऊन नेटवर्क नसताना करता आले पाहिजे. मूडलच्या अ‍ॅपमध्ये अभ्याससाहित्य उतरवून ठेवता येते, आणि शिक्षकाने तशी परवानगी दिली असेल तर चाचणीही ऑफलाइन सोडवून रेंज आल्यावर पाठवता येते. बहुतेक शिक्षकांना ही सोय आहे हेच ठाऊक नसते. या अ‍ॅपच्या मोफत योजनेत किती फोनांना सूचना पोहोचतील यावर मर्यादा असते, तेवढे मात्र करार करण्यापूर्वी तपासून घ्या.

अभ्यासकेंद्र

या चर्चेत नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा उल्लेख व्हायला हवा. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ ची, पहिले कुलगुरू राम ताकवले, आणि ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. त्याआधी हैदराबादला १९८२ मध्ये आणि दिल्लीत इग्नूच्या रूपाने १९८५ मध्ये मुक्त विद्यापीठे उभी राहिली होती. तेव्हा मोबाइल नव्हता, घरोघरी दूरध्वनीही नव्हता, तरी गिरणीत रात्रपाळी करणारा माणूस आणि शाळा सुटलेली गृहिणी शिकत होती. ते ज्यामुळे जमले ती गोष्ट आजच्या एलएमएसमध्ये हमखास विसरली जाते. ती म्हणजे स्वयं-अध्ययनाचे पुस्तक.

मी समंत्रक, म्हणजे अभ्यासकेंद्रावरचा मार्गदर्शक शिक्षक, म्हणून अशा पुस्तकांवर वर्षानुवर्षे शिकवले आहे. त्यातले प्रत्येक घटक एकट्याने बसून वाचणाऱ्यासाठी लिहिलेले असते: सुरुवातीला हे वाचून तुम्हाला काय करता येईल ते सांगितलेले, दर दोन-तीन पानांनंतर स्वतःलाच विचारायचे प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरे, आणि वाक्ये अशी की शेजारी शिक्षक नसला तरी माणूस अडकणार नाही. एवढे लिहायला वेळ लागतो. लेखक, संपादक, भाषा तपासणारा असा संघ लागतो. आज आपण वर्गात दाखवलेली पॉवरपॉइंटची पाने पीडीएफ करून चढवतो आणि त्याला ई-साहित्य म्हणतो. त्या पानांवर पाच ओळी असतात आणि त्यांचा अर्थ बोलणाऱ्याच्या तोंडात असतो. बोलणारा गेला की त्या ओळी मुक्या होतात.

म्हणून पायवाट सरांना माझे सांगणे असे की, समितीने पहिल्या वर्षी प्रत्येक विभागाकडून सगळे विषय मागू नयेत. एकच विषय मागावा, पण तो एकट्याने फोनवर वाचून समजेल असा लिहून मागावा.

एमए भाग दोन

मी विद्यार्थिनी आहे, थोडे लिहिते. आमच्या गावात गच्चीवर रेंज असते, घरात नसते. दिवसाला दीड जीबीचा पॅक असतो आणि तो भावाच्या नोकरीच्या अर्जांनाही लागतो. सरांनी एका तासाचा व्हिडिओ टाकला तर तो दोन दिवस पुरवून पाहावा लागतो, आणि त्यातली वीस मिनिटे हजेरी घेण्यात आणि ‘माझा आवाज येतोय का’ असे विचारण्यात गेलेली असतात. त्याच सरांनी त्याच विषयावर बारा मिनिटांचे ध्वनिमुद्रण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते, ते मी शेतातून येता-जाता अनेकदा ऐकले आणि परीक्षेत तोच प्रश्न सर्वांत चांगला लिहिला. दुसरे असे की विषयाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहामुळे सगळ्या मुलींचे नंबर सगळ्यांना मिळतात आणि रात्री-अपरात्री संदेश येतात. एलएमएसमध्ये नंबर दिसत नाही, एवढ्या एका कारणासाठीही आम्ही मुली ते वापरू, जर ते चालले तर.

सर्व्हररूम

वरील प्रतिसादाला आकड्यांची जोड देतो. साध्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण सेकंदाला ३२ किलोबिट या दराने साठवले तर संपूर्ण तासाचे सुमारे १४ एमबी होते. बऱ्यापैकी दिसणारा व्हिडिओ सेकंदाला ५०० किलोबिट धरला तर तासाला सव्वादोनशे एमबी, आणि अनेक शिक्षक जसा काढतात तसाच मूळ स्वरूपात चढवला तर त्याच्या कितीतरी पट. ध्वनी आणि सोबत मजकुराची पाने, हा मेळ फोनवरच्या विद्यार्थ्याला सर्वांत स्वस्त पडतो. मोठ्या संस्थांना हे पटवणे अवघड जाते, कारण उद्घाटनाला ध्वनिमुद्रण दाखवता येत नाही, स्टुडिओ दाखवता येतो.

गणितवाली

माझा अनुभव शिक्षकाच्या बाजूचा आहे आणि तो फारसा गोड नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत पदोन्नतीसाठी संशोधनाचे जे गुण मोजले जातात, त्यांत चार श्रेयांकांचा (क्रेडिटचा) संपूर्ण ‘मूक’ (एमओओसी, म्हणजे सर्वांसाठी खुला ऑनलाइन) अभ्यासक्रम चारही अंगांनी तयार केला तर २० गुण आहेत आणि एकेका घटकाला ५ आहेत. चार अंगे म्हणजे व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वमूल्यमापन आणि चर्चामंच. हे चांगलेच आहे. पण तयार अभ्यासक्रम वर्षानुवर्षे चालवणे, चर्चामंचावर मुलांनी विचारलेल्या शंकांना उत्तरे देणे, गेल्या वर्षीचे चुकलेले उदाहरण दुरुस्त करणे, याला त्या तक्त्यात जागा नाही. परिणाम असा होतो की अभ्यासक्रम तयार होतात आणि चर्चामंच ओसाड पडतात. मी एका अभ्यासक्रमात जाऊन पाहिले, तर सप्टेंबरमध्ये विचारलेल्या प्रश्नाखाली डिसेंबरपर्यंत दुसऱ्या विद्यार्थ्यांनी ‘माझीही हीच शंका’ एवढेच लिहिले होते.

विषयाची अडचण निराळी. गणिताची सूत्रे लॅटेक या सूत्रलेखनाच्या पद्धतीत लिहिली तर मूडलवर ती नीट दिसतात, फोनवरही. पण आमच्या विभागाची पंचवीस वर्षांची मराठी प्रश्नपेढी जुन्या, युनिकोड (सर्व यंत्रांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरसंकेत-पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये आहे. छापताना अक्षरे सुंदर दिसतात, आणि तोच मजकूर उचलून ब्राउझरमध्ये चिकटवला की ‘फलन संतत आहे हे सिद्ध करा’ याच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चुराडा उमटतो. परिवर्तक मिळतात, पण रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी यांच्यापाशी ते घसरतात, आणि गणितात एक चिन्ह चुकले की प्रश्नच बदलतो. हे काम टंकलेखकाचे नव्हे, विषय जाणणाऱ्याचे आहे. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात सर्व्हर असतो, परवाने असतात, प्रशिक्षणाचे चहापाणीही असते. प्रश्नपेढी युनिकोडमध्ये आणण्याची रक्कम मी अजून कुठल्याही अंदाजपत्रकात पाहिलेली नाही. ज्या विद्यापीठात मराठी माध्यमाचे विद्यार्थी आहेत तिथे तो पहिला खर्च असायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तळटीप

गणितवाली मॅडमच्या मुद्द्याला एक जोड. युनिकोड नसलेला मजकूर आणि पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ अंध विद्यार्थ्याच्या फोनला वाचताच येत नाही. अँड्रॉइडमधली टॉकबॅकची सोय युनिकोड मराठी बऱ्यापैकी वाचून दाखवते. फोटोपुढे ती गप्प बसते. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यानंतर ही सवलत राहिलेली नाही, जबाबदारी आहे. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याला अजूनही मित्राकडून नोट्स वाचून घ्याव्या लागतात, आणि त्याच नोट्स मुळात संगणकावरच टंकलिखित झालेल्या असतात.

निवृत्त परीक्षा विभाग

मी या क्षेत्रातला तंत्रज्ञ नाही. आयुष्य निकाल लावण्यात गेले. इथे सगळे शिकवण्याविषयी बोलत आहेत, पण विद्यापीठात कुठलीही नवी पद्धत परीक्षेच्या दाराशी तपासली जाते. मुंबई विद्यापीठात २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचा निर्णय परीक्षा तोंडावर असताना सर्व विद्याशाखांसाठी एकदम लागू झाला. उत्तरपत्रिका १७ लाखांहून अधिक होत्या. त्या स्कॅन करायच्या, सांकेतिक क्रमांक जोडायचे, शिक्षकांना लॉगिन द्यायचे, शिक्षकांना पडद्यावर तपासायला शिकवायचे, हे सगळे चालत्या गाडीत झाले. ३१ जुलैची मुदत टळली, निकाल महिनोन्‌महिने रखडले, पुढच्या प्रवेशांचे आणि परदेशी जाणाऱ्यांचे हाल झाले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावे लागले.

पडद्यावर तपासणे ही पद्धत मुळात वाईट नाही. बेरजेच्या चुका टळतात, एखादे पान तपासायचे राहून गेले तर यंत्र पुढे जाऊ देत नाही, पुनर्मूल्यांकनाला उत्तरपत्रिका शोधत गोदामात हिंडावे लागत नाही. पण आमच्या विभागात एक अलिखित दंडक होता: ज्या हंगामात पद्धत बदलायची त्या हंगामात जुनी पद्धत मोडायची नाही. एका विद्याशाखेत करून पाहावे, जुने रजिस्टर शेजारी ठेवावे, आणि निकाल दोन्ही वाटांनी जुळला की मगच पुढची विद्याशाखा घ्यावी. पायवाट सरांच्या समितीत परीक्षा विभागाचा माणूस आहे का? नसेल तर तो आधी घ्या.

पायवाट (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. परीक्षा विभागाचा प्रतिनिधी समितीत नाही. पुढच्या बैठकीत ती मागणी करतो.

गुणांच्या बाबतीत माझ्या मनात गोंधळ आहे, तो मांडतो. अनुभव असा की ज्या कामाला गुण नाहीत ते विद्यार्थी करत नाहीत, आणि ज्याला गुण आहेत ते एकमेकांचे उतरवून करतात. आमच्याकडे ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठाचे अभ्यासक्रम चालतात. २०१७ मध्ये हे व्यासपीठ सुरू झाले. यूजीसीने २०१६ मध्ये २० टक्के आणि २०२१ मध्ये ४० टक्के श्रेयांक तिथून घेण्याची मुभा दिली. त्यावरच्या एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या उपक्रमाच्या) अभ्यासक्रमांत साप्ताहिक गृहपाठाला २५ आणि देखरेखीखालील परीक्षेला ७५ टक्के भार असतो. गृहपाठाची उत्तरे टेलिग्रामवर गुरुवारीच फिरू लागतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ७५ टक्के केंद्रावर जाऊन लिहावे लागत असल्याने त्या प्रमाणपत्राला काही किंमत उरते. उलट ते केंद्र कधी कधी एवढे लांब येते की आमच्या मुलींना आदल्या दिवशी मुक्कामाला जावे लागते. फोनवर घेतलेल्या चाचणीला अंतर्गत मूल्यमापनात किती वाटा द्यावा?

मिल्टन कीन्सकर

मी इंग्लंडमध्ये, ब्रिटिश मुक्त विद्यापीठाच्या गावात राहतो आणि अभ्यासक्रम-रचनेच्या कामात आहे; इथले जसेच्या तसे तिकडे लागू करा असे अजिबात म्हणणार नाही. तरी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. इथले पहिले विद्यार्थी जानेवारी १९७१ मध्ये शिकू लागले, आणि बीबीसीवरून रात्री उशिरा लागणारी व्याख्याने ही त्या विद्यापीठाची जगभर ओळख झाली. ती प्रसारणे २००६ च्या डिसेंबरमध्ये थांबली आणि विद्यापीठाचे काहीच अडले नाही. एव्हाना त्यांनी मूडल स्वीकारलेले होते, तेही काही दिवसांनी बदलेल. सुरुवातीपासून आजवर जे टिकले ते म्हणजे शिक्षकाने तपासलेला स्वाध्याय. विद्यार्थी लिहितो, नेमून दिलेला शिक्षक त्यावर सविस्तर शेरे लिहून परत पाठवतो, आणि पुढच्या स्वाध्यायात त्या शेऱ्यांचा उपयोग झाला की नाही हे तोच शिक्षक पाहतो. आधी हे टपालाने होत असे, आता पडद्यावर होते.

त्यावरून आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, चाचणीला थोडे गुण द्या, एकूण अंतर्गत गुणांच्या चौथ्या हिस्स्याहून कमी, ती कितीही वेळा सोडवू द्या आणि प्रश्नपेढीतून प्रत्येकाला वेगळे प्रश्न जाऊ द्या. तिचा हेतू सराव एवढाच ठेवा. मोठा वाटा अशा लेखी कामाला द्या, जे उतरवता येणार नाही. आपल्या गावातल्या पाणीवाटप समितीच्या कामाविषयी लिहा, आपल्या तालुक्याच्या बाजार समितीतल्या एका दिवसाचे भाव नोंदवून त्यांचा अर्थ लावा. तयार उत्तर देणारी यंत्रे आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत, पण अमुक गावच्या बाजारात अमुक दिवशी हमाल काय म्हणाला हे त्यांना ठाऊक नसते, आणि रचून लिहिले तर त्याच तालुक्यातला शिक्षक ते लगेच ओळखतो.

कॅमेऱ्यावरून लक्ष मोजणाऱ्या अ‍ॅपविषयी: कृपया त्या वाटेला जाऊ नका. परीक्षेसाठी ब्राउझर कुलूपबंद करणारी जी प्रणाली मूडलसोबत सर्रास वापरली जाते, ती विंडोज, मॅक आणि आयफोनवर चालते, अँड्रॉइडवर चालत नाही. म्हणजे तुमचे जवळजवळ सगळे विद्यार्थी तिच्या बाहेर राहतील. आणि भारतात २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाल्यानंतर मुलांच्या चेहऱ्यांची मुद्रणे कोणाच्या सर्व्हरवर, किती दिवस राहतील याचे उत्तर विद्यापीठालाच द्यावे लागेल.

फळाखडू

मी मुद्दाम विरोधी सूर लावतो आहे, कारण इथे सर्वांनी गृहीत धरले आहे की हे करायचेच आहे. आमच्या महाविद्यालयात मंजूर पदांपैकी कितीतरी रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते पैसे मिळणारे, प्राध्यापक वर्ग ओढत आहेत. अशा वेळी प्राचार्यांच्या टेबलावर ‘संमिश्र अध्ययन’ या नावाचा कागद येतो, ज्यात ४० टक्क्यांपर्यंत शिकवणे ऑनलाइन करता येईल असे यूजीसीच्या २०२१ च्या मसुद्याचा हवाला देऊन लिहिलेले असते, आणि त्याचा अर्थ चाळीस टक्के तास कमी असा लावला जातो. तास कमी झाले की तासिकेचे पैसे कमी. तोच प्राध्यापक रात्री दहाला एलएमएसवर शंकांना उत्तरे देतो, त्याचे मात्र पैसे नाहीत, कारण ते काम ‘तास’ या व्याख्येत बसत नाही.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. पण शिक्षकांची स्वीकृती कमी का, यावर प्रबंध लिहिणारे मित्र डेव्हिसचे १९८९ चे तंत्रज्ञान-स्वीकृतीचे प्रारूप घेऊन प्रश्नावली वाटतात: उपयुक्त वाटते का, सोपे वाटते का, एक ते पाच. माझा तासिकेवरचा सहकारी दोन्ही ठिकाणी पाच लिहील आणि तरीही लॉगिन करणार नाही. त्याला ते उपयुक्तही वाटते, सोपेही वाटते. परवडत नाही एवढेच.

मिल्टन कीन्सकर

फळाखडू सरांशी पूर्ण सहमत. इथेही ते स्वाध्याय तपासणारे शिक्षक वर्षानुवर्षे मुदतीच्या करारांवर होते. बऱ्याच वाटाघाटींनंतर २०२२ मध्ये त्यांच्यातल्या हजारो जणांना कायम नोकरीचे करार मिळाले. शेरे लिहिण्याचा वेळ हा कामाचा वेळ म्हणून त्यात धरलेला आहे.

अभ्यासकेंद्र

मुक्त विद्यापीठात स्वाध्याय तपासण्याचे मानधन नगावर ठरलेले असते, रक्कम मोठी नसली तरी ते काम म्हणून मोजले जाते. एलएमएसवरचे काम तासिकेत बदलण्याचे सूत्र विद्यापीठाला व्यवस्थापन परिषदेत ठरवता येईल. उदाहरणार्थ, तपासलेल्या अमुक इतक्या स्वाध्यायांची एक तासिका धरावी. शासनाकडे जाण्याची वाट न पाहता विद्यापीठाच्या स्वनिधीतील विभागांपासून याची सुरुवात होऊ शकते.

पायवाट (धागाकर्ता)

चर्चेच्या आधारे समितीपुढे ठेवायचा मसुदा मी आज लिहायला घेतला आहे. त्यात पहिल्या वर्षी प्रत्येक विभागाचा एकच विषय घ्यावा आणि तो स्वयं-अध्ययनाच्या पद्धतीने लिहिण्यासाठी लेखक व संपादकाचे मानधन द्यावे, मराठी प्रश्नपेढी युनिकोडमध्ये आणण्यासाठी स्वतंत्र तरतूद असावी, सक्तीचे प्रत्येक काम अ‍ॅपवर ऑफलाइन करता यावे, आणि पहिल्या वर्षी सत्रान्त परीक्षेला हात लावू नये, असे लिहिले आहे. स्वाध्यायांचे तासिकेत रूपांतर करण्याचा मुद्दाही घातला आहे. तो वित्त विभागाकडून परत येईल अशी माझी अटकळ आहे, पण इतिवृत्तात तरी नोंदला जाईल. कॅमेऱ्याच्या अ‍ॅपला मी लेखी विरोध नोंदवणार आहे.

सर्व्हररूम, फाइलची मर्यादा किती ठेवायला सांगू?

सर्व्हररूम

एका फाइलला २० एमबी पुरे होतील. पण पीएचपीमध्ये दोन ठिकाणी बदल करावा लागतो, एकेका फाइलची मर्यादा आणि संपूर्ण विनंतीची मर्यादा, आणि दुसरी पहिलीहून थोडी मोठी ठेवावी. त्यानंतर मूडलच्या प्रशासन पानावर आणि प्रत्येक विषयाच्या मांडणीतही तीच मर्यादा पुन्हा तपासा, कारण यांतली सर्वांत लहान जी असेल तीच लागू होते. हे झाल्यावर संगणक केंद्रातल्या वाय-फायवर तपासू नका. एखाद्या विद्यार्थ्याचा साधा फोन घ्या, त्याच्याच सिमवर, वहीच्या चार पानांचे फोटो चढवून पाहा, आणि अ‍ॅपमध्ये अर्ध्यावर रेंज तोडून पुन्हा जोडल्यावर ते पोहोचतात की नाही तेही पाहा.